मशीन गप्प केलं तेव्हा

आमच्या घराच्या मधल्या खोलीत आख्ख्या मोहल्ल्याचं इंटरनेट होतं. कॉलेजात हे सांगितलं की मुली हसायच्या, पण ते खरं होतं. दारव्हा रोडवरच्या आमच्या गावात केबलचा धंदा करणारे एक चाचा होते. आधी ते रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे, मग त्यांनी केबल टाकली, मग नेट आणलं. त्यांची पद्धत अशी होती की प्रत्येक मोहल्ल्यात एका घरात मशीन ठेवायचं, त्या घरची वीज घ्यायची आणि बदल्यात त्या घराला नेट फुकट द्यायचं. आमच्या मोहल्ल्यात ते घर आमचं होतं, कारण मी बी.सी.ए.ला होते. चाचांना वाटलं असावं, ही पोरगी निदान वायरींवर कपडे वाळत घालणार नाही.

त्या मशीनला स्विच म्हणतात. म्हणजे भिंतीवरचं बटण नव्हे. एक चपटी लोखंडी पेटी, तिच्या पुढच्या बाजूला ओळीनं खाचा, प्रत्येक खाचेत एक वायर आणि ती वायर कोणाच्या तरी घरी गेलेली. वायर चालू असली की खाचेवर बारीक हिरवा दिवा लुकलुकतो. आमचं मशीन चाचांनी नागपूरच्या जुन्या बाजारातून आणलं होतं, कुठल्या तरी ऑफिसानं काढून टाकलेलं. ऑफिसात अशा मशीनला वेगळी थंड खोली असते, तिथं कोणी राहत नाही. त्यामुळे ते किती ओरडतं याची बनवणाऱ्याला फिकीर नसते. मागच्या बाजूला काडेपेटीएवढे पंखे होते आणि ते इतक्या जोरात फिरायचे की घरात सतत शिट्टी वाजल्यासारखं व्हायचं. वीज गेली तरी शिट्टी थांबायची नाही, कारण चाचांनी खाली बॅटरी ठेवली होती.

आई म्हणायची, "पाहुणा बसवला घरात, अन् तो रडून राह्यला चोवीस तास."

बाबा आम्ही लहान असतानाच गेले. घरात आई, मी आणि माझा मोठा भाऊ. शेत दादा करायचा. माझ्या बारावीनंतर मामा स्थळ घेऊन आले तेव्हा दादानं त्यांना जेवू घातलं, पान दिलं आणि म्हणाला, "मामा, ते कॉलेजात जाते. तीन वर्सांनं या." आमच्या घरात कॉलेजात गेलेलं दुसरं कोणी नाही. कॉलेजात काय शिकवतात हे दादाला नीट माहीत नव्हतं. मलाही पहिल्या वर्षी नव्हतं. पण दर सोमवारी यवतमाळला कॉलेजात परत जाताना तो मला मोटरसायकलवर बसस्टँडला सोडायचा आणि बस हलेपर्यंत उभा राहायचा.

त्या पावसाळ्यात कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती आणि अळी ऐकत नव्हती. दोन-दोन औषधं एकत्र करून लोक फवारत होते. आमच्या भागातली बरीच माणसं त्या औषधानं आजारी पडली. दादाच्या पंपाची नळी फुटली आणि फवारा तोंडावर आला. त्यानं शेतातल्या डबक्याच्या पाण्यानं डोळे धुतले आणि उरलेल्या ओळी पुऱ्या करून घरी आला. दुसऱ्या दिवशी त्याला डोळे उघडता येईनात.

यवतमाळला काही दिवस, मग नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात काही दिवस. उजवा डोळा गेला. बुबुळावर दुधासारखी साय आली होती. डावा वाचला होता, पण पुरता नाही. सुट्टी देताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, कारण कागद मीच वाचत होते: "हा डोळा सांभाळा. थेंब चुकवू नका. जरा जरी अंधुक झालं, दुखलं, तर त्याच दिवशी घेऊन या. उद्या नाही, त्याच दिवशी." मी ते आईला सांगितलं. दादाला तर घरी आले की दरवेळी सांगायचे.

विचारायचेही. "दादा, दिसते काय?"

"दिसते ना. तुह्यं नाक दिसते, भज्यासारखं."

दिवाळीनंतर कापूस घरात आला. भाव पडलेला होता, आणि आमच्याकडे सगळ्यांनीच तो विकायचा सोडून घरात भरला. आमच्या मधल्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस होता. एकुलती खिडकी त्याच्यामागे गेली. भरदुपारीही तिथं अंधार असायचा आणि मधून एक माणूस जाईल एवढीच वाट. ही वाट समोरच्या खोलीतून मागच्या दाराकडे जायची. मागचं दार उघडलं की न्हाणी आणि बैलांचा गोठा. दाराच्या चौकटीलाच लागून फळीवर ते मशीन. कापूस आवाज खाऊन टाकतो. कापूस भरलेल्या खोलीत माणूस बोललं तर कांबळ्याखालून बोलल्यासारखं वाटतं. त्या सगळ्या मुकेपणात फक्त मशीनची शिट्टी.

दादा शेतात जायला लागला होता. गाडी जुंपायचा, कासरा धरून बसायचा, बैल न्यायचे. वेचणीलाही बसायचा. बाया म्हणायच्या, "भाऊचा डोळा सुदरला बाप्पा, पाह्य कसा सरसर येचते." आई मात्र त्याचा कापूस पाहून चिडायची. त्यात वाळका पाला, काड्या, बोंडांच्या नख्या सगळं असायचं.

"काय रे हे? घरचा कापूस हाये का झाडून आणलेला केर?"

"एका डोळ्यानं एवढाच साफ येते, माय," दादा म्हणायचा आणि आई काड्या निवडायला बसायची.

मी शनिवारी घरी यायचे. तेव्हा दिसायचं की दादा कपाळ दाबून बसतो. आई म्हणाली, त्याला झोप नाही, हा भुंगा झोपू देत नाही, चाचाला सांग मशीन घेऊन जाय म्हणा. मशीन गेलं तर नेट गेलं, आणि माझं शेवटचं वर्ष होतं, प्रोजेक्ट होता, शनिवार-रविवार मी त्यावरच काढायचे. पण दादाच्या डोळ्यापुढे ते काय मोठं. मी म्हटलं, सांगते.

दादा म्हणाला, "राहू दे ना. मले काई त्रास नाई त्याचा."

"तुले त्रास नाई? डोकं दाबून राह्यला सकायपासून," आई म्हणाली.

"राहू दे म्हनलं ना, माय. आवाजच हाये. आवाज कोनाले चावते काय?"

आम्हाला वाटलं, माझ्या नेटसाठी म्हणतो आहे. तो तसाच होता.

मग मी ठरवलं की मशीन ठेवायचं, पण गप्प करायचं. कॉलेजच्या लॅबमध्ये एक जुना कॉम्प्युटर भंगारात निघाला होता, त्याचा तळहाताएवढा पंखा सरांनी मला दिला. मोठा पंखा हळू फिरला तरी तेवढीच हवा टाकतो, एवढं मला कळत होतं. भीती कापसाची होती. मशीनच्या बारक्या पंख्यांत तंतू जाऊन बसायचे, म्हणून तर ते जास्तच केकाटायचे. आणि गरम लोखंडाशेजारी कापूस, हे आठवलं की मला कॉलेजात बसल्या बसल्या घाम यायचा.

चाचांना विचारायला दुकानात गेले. ते मोबाईलची काच बदलत होते.

"खोलूं क्या चाचा?"

"खोल बेटा. पण एक सांगतो. बंद पडलं तर लोकं माह्या दुकानात नाही येनार, तुमच्या दारात येतीन. सीरियलच्या टाईमले तर बाया लाठी घेऊन येतीन."

"नाही पडणार."

"बड़ी इंजीनियर," असं म्हणून त्यांनी खणातून एक गुंडाळी काढून माझ्यापुढे टाकली. निळ्या एलईडीची पट्टी होती. वरातीच्या गाडीला लावतात ती. "ये भी लगा दे. एवढं करून राह्यली तर दिसलं पायजे ना. नाहीतर लोक म्हनतीन, हिनं केलं काय?"

ती पट्टी पाहून मला दुसरंच सुचलं. त्या वाटेवर अंधार असतो आणि मागच्या दाराशी उंबरा उंच आहे. एका डोळ्याच्या माणसाला दार कुठं आहे ते निळ्या उजेडानं लांबून कळेल. सजावट म्हणून नाही, दादासाठी म्हणून मी ती घेतली.

रविवारी दुपारी मी काम केलं. फळीच्या आजूबाजूचा कापूस आधी ताटानं लोटून लांब केला. स्क्रू काढले, झाकण उघडलं. आत सगळीकडे पांढरा तंतू, उशी उसवावी तसा. रंगाच्या जुन्या ब्रशनं तो काढला. झाकणाला भोक पाडायला गावातल्या वेल्डरकडे गेले, पत्र्याला गोल भोक पाडून देताना तो तीनदा म्हणाला, "पोरीनं असं काम करनं पह्यल्यांदाच पाहून राह्यलो." त्या भोकावर पंखा बसवला. तंतू आत जाऊ नये म्हणून वर जुन्या मच्छरदाणीची जाळी तारेनं आवळली. बारक्या पंख्यांच्या वायरी काढून टाकल्या. मग पट्टी आतल्या कडेनं चिकटवली. पंखा आणि पट्टी दोन्ही एका जुन्या अडॅप्टरवर चालायची, तो बॅटरीकडून येणाऱ्या बोर्डातच लावला. मशीनला वाटत होतं की आपले पंखे मेले, म्हणून पुढच्या बाजूला एक पिवळा दिवा सारखा फडफडत राहिला. बाकी सगळं ठीक होतं. तासभर झाकणावर हात ठेवून बसले. कोमट झालं, त्याहून जास्त नाही. कोणाचं नेट गेलं नाही.

आणि घर गप्प झालं. इतके महिने शिट्टी ऐकून कान तसेच झाले होते. ती थांबल्यावर आधी काहीतरी बिघडल्यासारखंच वाटलं. मग बाहेरची चिमणी ऐकू आली. आई स्वयंपाकघरातून आली आणि दारात उभी राहिली. पेटीच्या बाजूच्या फटींमधून निळा उजेड पट्ट्यापट्ट्यांनी कापसावर पडला होता, आणि अर्धा ढीग आभाळासारखा दिसत होता.

"अगं माय," आई म्हणाली. एवढंच म्हणाली.

शेजारच्या काकू पाहून गेल्या. "मंगल कार्यालय केलं वं घराचं. आता नवरी तेवढी बसवाची राह्यली." मला बरं वाटलं, ते लपवत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी शिकलेल्या गोष्टीचा घरात काही उपयोग झाला होता. दादा गोठ्यात होता, वैरण टाकत. अंगणातून फिरून समोरच्या दारानं आत आला आणि खाटेवर बसला.  मी म्हटलं, "दादा, पाह्यलं काय?" तो म्हणाला, "हो. शांत झालं." आणि जेवून लवकर झोपला.

सकाळी मी चहा उकळत होते. स्वयंपाकघरातून मधली खोली सरळ दिसते. दादा उठून मागच्या दाराकडे निघाला. चार पावलं नीट आला, मग थांबला. मान थोडी वाकडी केली, ऐकतात तशी. मग तो वळला, पण दाराकडे नाही, कापसाकडे. दोन्ही हात पुढे करून कापसाच्या ढिगाला टेकला आणि बैलाची पाठ चाचपावी तसा तो ढीग चाचपू लागला. डावीकडे सरकला. पुन्हा कापूस. मशीन त्याच्या उजव्या हाताला होतं, हात लांब केला असता तर लागलं असतं. निळा उजेड त्याच्या गालावर पडला होता. डोळा उघडा होता.

मी गॅसकडे पाहायचं विसरले. चहा उतू गेला, त्या आवाजानं तो माझ्या दिशेला वळला.

"मशीन बंद पडलं काय गं?"

"नाही दादा. चालू हाये."

"हो हो. दिसते ना. दिवे दिसून राह्यले."

"कोणत्या रंगाचे?"

"हिरवे," तो म्हणाला. पूर्वी पाहिलेला रंग त्यानं सांगितला.

मी गॅस बंद केला. त्याच्याजवळ गेले आणि त्याचा हात धरून चौकटीवर ठेवला. त्यानं हात सोडवून घेतला नाही. उंबऱ्यावर बसला. मी खाली बसले.

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून अंधुक होतं. मग कमी कमी झालं. आता सकाय झाली, ऊन पडलं, एवढं समजते. अंगाले लागते ना ऊन." तो थोडा हसला. "त्या आवाजानं चाललं होतं माह्यं. आवाजाकडं तोंड केलं का मांगचं दार. पाठ केली का खाट. उजव्या कानाले घेतला का तुमची चूल. काल एकदम सारंच गेलं."

"सांगितलं काहून नाही? डॉक्टर म्हणले होते, त्याच दिवशी—"

"सांगतलं असतं तर तू घरी बसली असती. मामा बसूनच हायेत टपून. एक सेमिस्टर राह्यलं तुह्यं." मग हळू म्हणाला, "पेपर झाले का सांगनारच होतो. मायले नको सांगू."

मी आईला सांगितलं. लगेच, त्याच्यासमोर. आई कापसावर मटकन बसली. त्यानं वेचलेल्या कापसातली एक काडी तिनं उचलली, पाहिली आणि मुठीत धरून ठेवली. रडली नाही. म्हणाली, "मी तुले केर म्हनलं रे."

"माय, केरच होता तो."

नागपूरला जायला तो तयार होईना. माझी परीक्षा त्याच आठवड्यात सुरू व्हायची होती, गुरुवारी पहिला पेपर. शेवटी त्यानं माझ्याकडून कबूल करून घेतलं: डॉक्टरला दाखवायचं आणि मी त्याला तिथं सोडून पेपरला परतायचं. आईनं गोठा आणि घर पाहायचं, कारण बैलांना आणि कापसाला सोडून सगळ्यांना जाता येत नव्हतं. पेपर चुकला तर तो दवाखान्यातून उठून चालू लागेल, असं म्हणाला. तो खरंच चालू लागला असता, आणि कुठं गेला असता ते मला पाहवलं नसतं. मी हो म्हटलं.

चाचांनी त्यांची व्हॅन काढली. रस्ताभर ते बोलत राहिले, धंद्याचं, पोरांचं, पाऊस-पाण्याचं. दादा हं हं करत होता. एकदा मात्र चाचा म्हणाले, "मियां, मले तरी सांगतलं असतं."  वर्धा नदीच्या पुलावर टायरचा आवाज बदलला, तेव्हा दादा म्हणाला, "वर्धा आली."

दवाखान्यात आधी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तपासलं. बॅटरी लावून विचारलं, "उजेड दिसतो?"

"दिसते."

"कुठून?"

"समोरून."

बॅटरी बाजूला होती. बाईंनी काहीतरी लिहायला घेतलं. मी बोलले. माझा आवाज अशा ठिकाणी निघत नाही, कॉलेजातही निघत नाही, पण निघाला. "मॅडम, त्याला दिसत नाही. तो अंदाजानं सांगतो."

"बाई, चूप बस ना," दादा मला म्हणाला.

मोठ्या डॉक्टरांनी डावा डोळा बराच वेळ पाहिला. मग दादाला बाहेर बाकावर बसवून मला सांगितलं. जंतू आत खोल गेले होते. वेळेवर आले असते तर, असं त्यांनी सुरू केलं आणि माझ्याकडे पाहून पुरं केलं नाही. भरती करून घेतो, औषधं देऊ, दुखणं थांबवू, डोळा जागेवर ठेवायचा प्रयत्न करू. नजरेचं आता काही सांगत नाही. दुसऱ्याचा डोळा बसवता येतो का ते पुढं कधी पाहू, आशा धरू नका.

दादाला मी सांगितलं की औषध देणार आहेत. त्यानं विचारलं, "नजर परत येईन म्हनले काय?" मी म्हटलं, पाहू म्हणाले. त्याला कळलं. त्यानं डोक्यावरचा रुमाल काढला, घडी केली, परत उलगडला, परत घडी केली.

बुधवारी दुपारी तो म्हणाला, "निंघ आता. उशीर झाला तर यवतमाळची गाडी भेटत नाई." चाचा आधीच परतले होते. मी थैली उचलली, त्याच्या पायांना हात लावला. "जाते दादा." वॉर्डच्या दारापर्यंत गेले. जिन्यापाशी उभी राहिले. त्याच्यापाशी दुसरं कोणी नव्हतं. तहान लागली तर पाण्याचा ग्लास कुठं आहे हे त्याला माहीत नव्हतं. नवीन जागा, आणि तिथं इतके आवाज की एकही कामाचा नाही.

मी चप्पल हातात घेतली आणि परत आले. त्याच्या पायथ्याशी स्टूल होतं, त्यावर बसले. श्वाससुद्धा हळू घेत होते. तो छताकडे तोंड करून पडला होता. शेजारच्या खाटेवर झरी जामणीकडचे एक म्हातारे होते, मोतीबिंदूचे. त्यांचा एक डोळा बांधलेला होता, दुसऱ्यानं त्यांना चांगलं दिसत होतं. त्यांनी मला येताना पाहिलं, हातातली चप्पल पाहिली.

बऱ्याच वेळानं दादा त्यांना म्हणाला, "बाबा, किती वाजले?"

"चार वाजले असतीन."

"मंग बसमंदी असन माही बहीण. उद्या पेपर हाये तिचा. कॉम्प्युटरचं शिकते. आमच्या घरी मशीन होतं एक, लई ओरडे. कोनाच्या बापाले जमलं नसतं, तिनं खोलून गप्प केलं. आता घरात टाचणी पडली तरी ऐकू येते."

म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही म्हणून. त्यांनी उशी सरकवली, खोकले.

"वर्ध्याच्या पुढं गेली असन आता," ते म्हणाले. "चांगली हुशार दिसली पोरगी."

"हो," दादा म्हणाला. "हुशार हाये."